अडीचशे फुटांवरून

१४ जानेवारी २०२४, रविवार, संक्रांतीच्या आदला दिवस. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आम्ही सकाळी साडेनऊलाच जाऊन बसलो होतो, मी आणि माझी नऊ वर्षांची भाची, सोबत ताईने दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या. हवाईदलाच्या एअर शोचा तिसरा आणि शेवटचा दिवस होता, चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडतानाच कळत होतं की आज अख्खी मुंबई इकडे येणार. त्या दिवशी आकाशगंगाचे पॅराशूटवाले बघितले, सारंगची हेलिकॉप्टरं बघितली, सूर्यकिरणची लाल-पांढरी हॉक विमानं एकमेकांना खेटून गेली तेव्हा आमच्या मागच्या काकू देवाचं नाव घेत होत्या. सगळंच भारी होतं. पण मी गेलो होतो सुखोई या लढाऊ विमानासाठी.

सुखोई समुद्रावरून आलं. आधी नुसता एक काळा ठिपका, आवाज जवळजवळ नाहीच, मग ठिपक्याला पंख दिसले, दोन शेपट्या दिसल्या, तरी आवाज नाही, आणि ते समोरून पुढे निघून गेलं तेव्हा मागून तो आवाज आला, कानात कमी आणि छातीत जास्त. कठड्याखालच्या दगडांवरचे कावळे एकदम उठले. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. दोन मिनिटं काही बोलली नाही आणि मग विचारलं, मामा, एवढं मोठं आभाळ आहे तर ते इतक्या खालून का जातात?

हा प्रश्न मला फार आवडला. कारण गर्दीतली बहुतेक माणसं समजतात की जेट खालून नेणं म्हणजे लोकांना दाखवायची गंमत. एअर शोमध्ये ते दाखवायलाच असतं हे खरं, पण मुळात खालून उडणं ही लढाऊ वैमानिकाची शिकून घ्यायची गोष्ट आहे, रोजच्या रियाजाची.

तिला समोरच्या समुद्रावरच समजावलं. म्हटलं, ते लांबचं जहाज बघ, वरचा भाग दिसतोय ना, खालचा नाही दिसत. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचं बूड क्षितिजाच्या पलीकडे गेलंय. चौपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर दिसतं, आणि रडारचंही तसंच असतं, रडारलाही पलीकडचं वाकून बघता येत नाही. समजा १५-१६ मीटर उंच खांबावर रडार आहे. विमान तीस हजार फुटांवर असेल तर ते रडारला चारशे किलोमीटरवरूनसुद्धा दिसू शकतं. तेच विमान अडीचशे फुटांवरून, म्हणजे साधारण ७६ मीटरवरून आलं, तर पन्नासेक किलोमीटरवर येईपर्यंत रडारला त्याचा पत्ताच नसतो. आणि विमानाचा वेग ताशी आठशे तीस किलोमीटर. म्हणजे खालच्या माणसांच्या हातात चार मिनिटंसुद्धा नाहीत. मध्ये डोंगर आले तर तेवढीही नाहीत. भाची म्हणाली, म्हणजे लपाछपी. मी म्हटलं हो, लपाछपीच, फक्त डोंगराला धडकायचं नाही.

एके काळी उलटं मानलं जायचं, जितकं उंच तितकं सुरक्षित. मग १ मे १९६० ला सोव्हिएत युनियनने अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान सत्तर हजार फुटांच्या आसपास क्षेपणास्त्राने पाडलं आणि तो समजच गेला. ब्रिटिशांची व्हल्कन बॉम्बर विमानं अणुस्फोटाची उष्णता परतवायला पूर्ण पांढऱ्या रंगाची असायची, ती काही वर्षांत हिरवी-करडी झाली, कारण आता त्यांना शेतांवरून आणि डोंगरांवरून लपत जायचं होतं. आपल्याकडे १९७९ मध्ये आलेलं जग्वार, म्हणजे शमशेर, हे याच विचारातून जन्मलेलं विमान. मध्ये १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटनची टोर्नेडो विमानं खालून हल्ले करताना पडायला लागली तेव्हा त्यांनी काही दिवसांतच उंची वाढवली, आणि लोक म्हणायला लागले की खालून उडायचे दिवस संपले. आज युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची विमानं परत झाडांच्या शेंड्यांवरून जाताना दिसतात. क्षेपणास्त्रं फार झाली की विमान पुन्हा जमिनीला चिकटतं.

आता माझं सांगतो. हे वेड मला जरीमरीला, मुंबई विमानतळाला लागून असलेल्या वस्तीत लागलं. मामाचं घर तिथे, अंधेरी-कुर्ला रोडवरून आत चढावर, पत्र्याचं छप्पर, वर माळा. घाटकोपर-कुर्ल्यावरून सत्तावीस नंबरच्या रनवेवर उतरणारी विमानं इतकी जवळून जायची की चाकं मोजता यायची. त्या घरात बोलण्याची एक पद्धत होती. विमान आलं की माणसं वाक्याच्या मध्ये थांबायची, ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू. मामी भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा तशीच थांबायची, भाजीवालाही थांबायचा. मामा वर्कशॉपमध्ये फिटर होता, विमानाशी त्याचा कामाचा काही संबंध नव्हता, पण न बघता सांगायचा, हे जंबो आहे, चार इंजिनं. मे महिन्याच्या सुट्टीत मी पत्र्याच्या कडेला बसून वहीत नंबर लिहायचो. शेपटीजवळ जे व्हीटी-अमुकतमुक लिहिलेलं असतं ना, ते. ती वही अजून आहे. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोंपैकी एकाने मुंबईहून कायमचं उड्डाण केलं आणि जाता जाता दोन्ही पंख हलवून निरोप दिला, तेव्हा मी ती वही काढून जंबोचे नंबर परत एकदा वाचले.

पण प्रवासी विमान ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने येतं, मोबाइलवर बघून सांगता येतं की अमुक मोठं विमान आत्ता नाशिकवर आहे. लढाऊ विमानाचं तसं नाही, ते ॲपवर बहुतेक वेळा दिसतच नाही. मुंबईच्या माणसाला ते कधी दिसतं? नौदल दिनाच्या आसपास गेटवेला. ३ मे २०२० ला, कोविडमध्ये, सुखोई मरीन ड्राइव्हवरून गेली आणि हेलिकॉप्टरांनी केईएम, जेजे आणि कस्तुरबावर फुलं टाकली, तेव्हा रस्ता रिकामा आणि आम्ही सगळे घरात, मी टीव्हीवर बघितलं. एरवी काही नाही. पुण्याला लोहगावच्या हवाईतळाच्या आसपास राहणारे माझे मित्र सुखोईच्या आवाजाने वैतागतात आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने तीन महिन्यांसाठी बर्मिंगहॅमला पाठवलं तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात नकाशा उघडला. वेल्समध्ये माकन्थलेथ आणि डॉलगेथली या दोन गावांच्या मध्ये डोंगरांतून वळणावळणाच्या दऱ्या आहेत, त्यांना सगळे मॅक लूप म्हणतात. लोकांना वाटतं हा मॅक म्हणजे आवाजाच्या वेगाचा मॅक, पण तसं नाही, तो माकन्थलेथ गावाच्या नावातला पहिला तुकडा आहे. बर्मिंगहॅमहून थेट ट्रेन जाते. शनिवार-रविवार जाऊन उपयोग नाही, जेट सोमवार ते शुक्रवार येतात, कामाचे दिवस, म्हणून दोन दिवस रजा टाकली. गावातून बस, मग कुंपणाचं फाटक, आणि मग सरळ चढ. मी राजमाची, हरिश्चंद्रगड केलेला माणूस, उंची काहीच नव्हती, पण वारा असा की बॅग उडेल आणि पाऊस आडवा. आपल्या माळशेजचा जुलै आठवला, फक्त थंडी चौपट.

पहिला दिवस कोरडा गेला. म्हणजे पाऊस पडला, विमान नाही. वर आठ-दहा जण होते, बहुतेक साठीच्या पुढचे, दुर्बिणी, थर्मास आणि घडीच्या खुर्च्या घेऊन. एका आजोबांनी मला चहा दिला आणि इतकंच विचारलं की कुठून आलास, मुंबई म्हटल्यावर मान हलवून म्हणाले, लांब आहे. दिवसभर आम्ही सगळे मेंढ्या बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ढग वर सरकले. आधी दोन हॉक आली, काळी, अँगलसी बेटावरच्या तळावरून येतात ती. सूर्यकिरण उडवतं त्याच घराण्यातली. मी कॅमेरा वर धरून आभाळात शोधत होतो आणि सगळे खाली बोट दाखवत होते. खाली! विमान माझ्या पायांच्या खालून दरीतून येत होतं. आयुष्यभर मी विमानाचं पोट बघितलं होतं, चाकं, पंखांची खालची बाजू, दिवे. पाठ कधीच बघितली नव्हती. कोकणकड्याच्या टोकावरून खाली घारीची पाठ दिसते ना, तसं.

आणि मग तासाभराने टोर्नेडो आलं, पंख मागे वळवलेले, आडवं झालेलं, पंखांवर पांढरी वाफ. काचेच्या आत पुढच्या सीटवरच्या वैमानिकाचं हेल्मेट स्पष्ट दिसत होतं. त्याचं डोकं विमान जात होतं त्या दिशेला नव्हतं, वळणाच्या आतल्या बाजूला, वर वळलेलं होतं. पुढची दरी कुठे उघडते ते तो शोधत होता. एका सेकंदात दोनशे तीस मीटर, म्हणजे दादर स्टेशनचा अख्खा प्लॅटफॉर्म फार तर दीड सेकंदात, आणि तेवढ्या वेळात त्याला पुढचं वळण, ढग, वारा, विजेच्या तारा, सोबतचं दुसरं विमान, सगळं बघायचंय. तिथला नियम अडीचशे फुटांचा आहे, आणि तो नुसता जमिनीपासूनच्या उंचीचा नाही, कुठल्याही वस्तूपासून कुठल्याही दिशेला तेवढं अंतर ठेवायचं असतं, बाजूचा डोंगरसुद्धा त्यात आला. ठरलेल्या काही भागांत, ठरलेल्या वेळी, शंभर फुटांपर्यंतही उतरतात. मी सात फोटो काढले त्यातला एक नीट आला. पण मला फोटोपेक्षा ते वळलेलं डोकं आठवतं. त्या दिवसापासून मी खालून जाणाऱ्या जेटकडे मशीन म्हणून बघूच शकत नाही, आत एक माणूस जिवावर उदार होऊन काम करतोय हेच आधी दिसतं. टोर्नेडो पुढच्या मार्चमध्ये ब्रिटनच्या सेवेतून गेलं, मला शेवटच्या शेवटच्या दिवसांत मिळालं.

जिवावर उदार हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. उंचावर काही बिघडलं तर विचार करायला वेळ मिळतो, खाली मिळत नाही. आणि पक्षी सगळे खालीच. मुंबईत हे वेगळं सांगायला नको, मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या पंतनगर-लक्ष्मीनगरला रात्री उतरणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास पक्षी मेले, ते गुलाबी पंख रस्त्यावर पडलेले फोटो मी परत कधी उघडले नाहीत. ते विमान उतरताना होतं, सावकाश, तरी एवढं. आठशेच्या वेगाने जाणाऱ्या एका इंजिनाच्या किंवा दोन इंजिनांच्या जेटला एक घार पुरते. आपल्या जग्वारचे २०२५ मध्ये एकाच वर्षात तीन अपघात झाले, जुलैमध्ये राजस्थानात चुरूजवळ दोन्ही वैमानिक गेले. त्या रात्री मी आमच्या विमानवेड्यांच्या ग्रुपवर काही लिहू शकलो नाही.

वेल्सला अजून एक गोष्ट बघितली. चढाच्या सुरुवातीला जे फाटक लागतं ते एका शेतकऱ्याचं आहे. आजोबांनी मला दोनदा बजावलं, उघडलंस तर लाव, मेंढ्या बाहेर जातात. खाली बस थांब्यावर एक बाई भेटल्या, त्यांना विमानं अजिबात आवडत नव्हती, मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत आवाजाने फार त्रास होतो म्हणाल्या. तिथे घोडेस्वारांसाठी फोन नंबर ठेवलाय, आज आमच्या भागात जेट येणार का ते विचारून मग घोडा बाहेर काढायचा. मी एका दिवसाच्या आनंदासाठी आलो होतो, त्यांना तो आवाज वर्षभर. मला जरीमरीची मामी आठवली. आमच्या मुंबईतल्या स्पॉटरांनी, म्हणजे विमानं बघून टिपणाऱ्या छंदिष्टांनी, जरीमरीच्या छपरांवरून काढलेले फोटो जगभर बघितले जातात, कौतुक होतं, पण ते छप्पर कोणाचं आहे, त्या घरातलं पोर रात्री किती वेळा दचकून उठतं, दहावीच्या अभ्यासाला कुठे जाऊन बसतं, हे फोटोत येत नाही. म्हणून मी आमच्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला आधी हे सांगतो, की वर चढण्याआधी खालच्या घरात विचार, पाणी मागायच्या आधी ओळख सांग, जमलं तर त्यांच्या पोरांना एकदा व्ह्यूफाइंडरमधून बघू दे.

आणि दुसरी गोष्ट पोलिसांची. २०१४ ला हायवेच्या सर्व्हिस रोडवर मोठी लेन्स घेऊन उभा होतो तर मला चौकीत नेलं, दोन तास बसवलं, सगळं कार्ड पुसायला लावलं. तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं थोडं त्यांचं बरोबर, थोडं माझं, त्यांना हा छंद काय असतो हे कोणी सांगितलेलंच नाही. आपल्याच देशात असं आहे असंही नाही, २००१ मध्ये ग्रीसमध्ये कलामाताला बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना हेर समजून पकडलं होतं, शिक्षाही झाली, वर्षभराने अपिलात सगळे सुटले. पण छंद म्हणजे हक्क नाही असं मी मानतो. मे २०२५ मध्ये सीमेवर चार दिवस पाकिस्तानशी लढाई चालू होती, उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद होते, सैन्याच्या हालचाली दाखवू नका असं सरकारने सांगितलं होतं, तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारलं की रात्री कुठलं तरी विमान गेलं त्याचा व्हिडिओ टाकू का. सगळ्यांनी एका आवाजात नको सांगितलं. कुठलं विमान, किती, कुठे, किती वाजता, हे आम्हाला आवाजावरून कळतं म्हणूनच आम्ही गप्प बसायचं. हवाईतळाच्या कुंपणापाशी कॅमेरा काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. एअर शोला, नौदल दिनाला, जिथे ते स्वतः बोलावतात तिथे मनसोक्त.

असंच एकदा बोलावल्यासारखं झालं. ११ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याच्या आदला दिवस. नवी मुंबई विमानतळाच्या रनवेवर पहिल्यांदा विमान उतरणार होतं, हवाईदलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान, आणि त्याच्यामागे सुखोई वरून जाणार. मित्राची आजी उलव्याला राहते, सातवा मजला, वर गच्ची. ताईला विनवण्या करून भाचीची शाळा बुडवली. गच्चीवर आजी झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या आणि दोरीवर धुतलेल्या साड्या. मी विचारलं, आजी, आम्ही दोन तास इथे थांबलो तर चालेल ना? म्हणाल्या, थांबा की, पण सुतळी द्या तिकडची.

दुपारी सी-२९५ उतरलं, टाळ्या आम्हाला ऐकू आल्या नाहीत पण भाचीने वाजवल्या. मग सुखोई. मी तयार होतो, शटर स्पीड लावलेला, श्वास धरलेला, आणि ते मला वाटलं होतं त्याच्या पुष्कळ डावीकडून आलं. माझ्या सगळ्या फोटोंत शेपटी किंवा नुसता धूर. भाचीने ताईच्या जुन्या मोबाइलवर एकच फोटो काढला होता. त्यात अर्ध्याहून जास्त जागा दोरीवरच्या हिरव्या नऊवारीने व्यापलीय, खाली झेंडूची टोपली, आजींचा हात, आणि वर कोपऱ्यात, साडीच्या काठाच्या अगदी जवळ, एवढंसं सुखोई.

दिवाळीत तो फोटो मोठा करून आजींना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, अगो, ही माझी साडी. मग बऱ्याच वेळाने भाचीला जवळ घेऊन विचारलं, आणि तुझं विमान कुठाय गो?